भाताचे एक वर्ष, पोफळीची एक पिढी

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता आक्षी-नागाव मागे टाकून चौलमध्ये शिरतो, तेव्हा दोन्ही बाजूंच्या वाड्यांनी तो इतका झाकलेला असतो की समुद्र जवळच आहे हे कळतही नाही. एप्रिलच्या भर दुपारी इथे आलेल्या माणसाला आधी गारवा जाणवतो, मग माड-पोफळी दिसतात. हा गारवा आयता मिळालेला नाही. कित्येक पिढ्यांनी झाडे लावून, आळी करून, रहाटाचे पाणी पाटाने फिरवून तो तयार केला आहे. त्यामुळे चौलमध्ये दोन हवामाने धरून चालावे लागते. एक वेधशाळेच्या नोंदीतले, दुसरे वाडीच्या कुंपणाच्या आतले.

चौलची शेती एका जागी उभे राहून पुरती दिसत नाही. समुद्रालगतच्या वाळूच्या पट्ट्यात नारळ-सुपारीच्या वाड्या, त्यांच्या मागे भाताची खाचरे, भोवाळ्याच्या दत्ताच्या डोंगराकडे वळले की आंबा, आणि दक्षिणेला कुंडलिकेच्या खाडीच्या अंगाने बांध घालून राखलेली खारी जमीन. पाऊस आणि वारा या सगळ्यांवर एकाच दिवशी येतो, पण त्याची फेड प्रत्येकाला वेगळ्या मुदतीने करावी लागते. भाताचे एक वर्ष जाते. नारळाची तीन-साडेतीन वर्षे जातात. पोफळीची वाडी उभी राहायला एक पिढी लागते. ‘हवामानबदलामुळे उत्पादन घटते’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचतो की त्याचा अर्थच लागेनासा होतो. किती घटते, यापेक्षा किती वर्षांसाठी घटते, हा प्रश्न चौलमध्ये अधिक कामाचा आहे.

अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी 1469 च्या सुमारास घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. इथून तो पालीच्या वाटेने जुन्नरला गेला आणि पावसाळा त्याने तिथे काढला. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, आणि लोक त्याच दिवसांत नांगरतात, पेरतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याला नवल वाटले ती गोष्ट कोकणातल्या माणसाला सांगायचीही गरज नव्हती. रोहिणीत धूळवाफेवर भाताचे बी टाकायचे, मृगाच्या पावसावर रोप वर काढायचे, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी उरकायची, हस्ताच्या पावसात दाणा भरायचा आणि दिवाळीच्या आसपास भारे घरी आणायचे. अलिबागच्या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भाताला एवढा लागतही नाही. त्याला तो वेळेवर लागतो.

रोपाच्या वयाचेच पाहा. भाताचे रोप साधारण 21 ते 25 दिवसांचे झाले की ते उपटून चिखलात लावायचे असते. त्या वयात लावले तर ते जोमाने फुटवे धरते. लावणी लांबली आणि रोप वाफ्यातच चाळीस दिवसांचे झाले, तर पुढे कितीही पाऊस पडो, फुटवे कमी ते कमीच. 2023 मध्ये हेच झाले. अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ जवळजवळ तेरा दिवस रेंगाळले आणि मोसमी वाऱ्यांचे बाष्प त्याने स्वतःकडे ओढून घेतले. पाऊस 11 जूनला दक्षिण कोकणात येऊन जो थबकला, तो मुंबईला पोहोचायला 25 जून उजाडला. जुलैत त्याने सगळी कसर भरून काढली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पाठ फिरवली. देशाच्या पातळीवर 1901 पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. दोन वर्षांनी, 2025 मध्ये, बरोबर उलटे झाले. मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला आणि मे महिन्यातच जमिनी इतक्या भिजल्या की धुळीत पेरण्यासाठी धूळच उरली नाही. हंगामाची बेरीज केली तर अशी वर्षे एकमेकांशी बरीच जुळतीलही. खाचरात मात्र त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

पावसाने ताण दिला की काय करायचे, याची चौलची स्वतःची एक पद्धत होती. इथल्या रामेश्वराच्या मंदिरात अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड अशी तीन कुंडे फरशीखाली झाकलेली आहेत. पाऊस लांबला तर गावाने मिळून पर्जन्यकुंड उघडायचे, अशी परंपरा सांगतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावालाही पाऊस न पडण्याची एवढी धास्ती होती की त्यासाठी देवळात वेगळी सोय ठेवावी लागली. कोकणात पाणी मुबलक म्हणून तिथली शेती निर्धोक, हा समज घाटावरच्या लोकांचा आहे.

पावसाची सुरुवात चुकली तर शेतकऱ्याकडे थोडेफार उपाय असतात. दुबार रोप टाकता येते, गरव्याऐवजी लवकर तयार होणारे हळवे भात करता येते. शेवट चुकला तर उपाय नाही. भारतीय हवामान खात्याने 2020 मध्ये पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली. कागदावर हे नऊ दिवस आहेत. पण हळवे भात नेमके याच दिवसांत कापणीला येते. 2019 च्या दिवाळीत ‘क्यार’ चक्रीवादळ रत्नागिरीच्या समोरून समुद्रातच पश्चिमेकडे वळले. किनाऱ्याला ते धडकले नाही, तरी कोकणभर पाऊस झाला आणि कापून ठेवलेले भात खाचरातच भिजले. भिजलेली लोंबी दोन-तीन दिवस ओल्या उष्ण हवेत पडून राहिली की तिच्यातल्या दाण्यांना कोंब येतात. लोंबी हातात घेतली तर पांढरे मोड टोचतात. असा दाणा गिरणीत टिकत नाही, त्याचा चुरा होतो. पेंढा काळा पडतो, तो गुरे तोंडात धरत नाहीत, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची वैरणही गेली. दहा वर्षे आधी, 11 नोव्हेंबर 2009 ला, ‘फयान’ तर अलिबाग आणि मुंबईच्या मधूनच जमिनीवर आले होते. तेव्हा गरवे भात शेतात होते.

ही वादळे नेमकी अशाच वेळी कशी येतात? अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. पहिला मे-जूनचा, मोसमी वारे सुरू होण्याच्या आगेमागे, आणि दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, ते परतल्यावर. मधल्या काळात वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांच्या दिशा इतक्या वेगळ्या असतात की वादळाचा गाभाच धरत नाही. म्हणजे वादळांचे दोन हंगाम हे आपल्या पेरणीच्या तयारीचे आणि कापणीचे हंगाम आहेत. पूर्वी याची फारशी झळ लागत नसे, कारण अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा थंड आणि वादळेही मोजकी. वादळ जोपासायला समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर लागते. अलीकडच्या काही दशकांत अरबी समुद्राचा पृष्ठभाग सव्वा अंशाच्या आसपास तापला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी 1982 ते 2019 या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा 2001 नंतरच्या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढलेली आढळली. बंगालच्या उपसागरात ती किंचित घटली होती. एकट्या 2019 मध्ये अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली, एरवी वर्षाला एखादे होते.

तापलेल्या समुद्राचा दुसरा परिणाम पावसाच्या तऱ्हेवर होतो. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. असे बाष्प साठत राहते आणि मग एकदम रिकामे होते. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यातल्या अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीने वाढल्याचे दाखवले होते, आणि त्याचा धागा अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाशी जोडला होता. एकूण पाऊस तेवढाच राहून दोन सरींमधले अंतर वाढते आणि सरींचा जोर वाढतो.

खारेपाटातल्या भाताला याचा सर्वांत जास्त त्रास होतो. खाडीच्या काठची ही जमीन पूर्वजांनी मातीचे बांध घालून समुद्राकडून मिळवली. बांधातल्या उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे आणि भरतीला दार लावून खारे पाणी अडवायचे, ही तिची रीत. जूनच्या पहिल्या जोरदार पावसाने जमिनीतले मीठ धुऊन खाली जाते आणि मगच इथे रहू, म्हणजे मोड आणलेले बी, फेकता येते. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा मोठा खंड पडला की वरची माती सुकते आणि खालचे मीठ ओलाव्याबरोबर पुन्हा वर चढते. रोप आणि फुलोरा या दोन अवस्थांत भाताला मीठ सोसत नाही, आणि खंड अनेकदा त्याच वेळी पडतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या ‘पनवेल’ मालिकेतल्या जाती बरेच मीठ सहन करतात, पण उधाणाच्या भरतीने बांधाला खांड गेली तर कोणतीच जात उपयोगाची नाही. एकदा समुद्र आत आला की जमीन पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे जातात, तेही बांध लगेच बांधला तर. जगभरात समुद्राची पातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. एरवी ही वीतभर उंची कुणाच्या ध्यानातही येत नाही. बांधाच्या माथ्यावरून पाणी जाते की नाही, हे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्या वीतभर उंचीवरच ठरते. इथली दुरवस्था सगळी हवामानाच्या खात्यावर टाकता येणार नाही, हेही सांगायला हवे. गाव मिळून बांधाची डागडुजी करण्याची जुनी रीत मोडली, जबाबदारी 1948 च्या आणि नंतर 1979 च्या कायद्याने सरकारकडे गेली, आणि मग ‘बांध कुणाचा’ हा प्रश्न दर पावसाळ्यात फाइलींमधून फिरू लागला.

भातानंतरची पिके थोडक्यात उरकतो, कारण त्यांची गोष्ट सोपी आहे. वाल खाचरात उरलेल्या ओलाव्यावर आणि पहाटेच्या दवावर येतो. भात उशिरा निघाले की वालाची पेरणी लांबते, आणि ढगाळ हवेत त्यावर मावा पडतो. पोपटी लावायला, म्हणजे मडक्यात भाजायला, शेंगा हव्यात तर जानेवारीत थंडी हवी. अलिबाग तालुक्यातल्या कार्ले-खंडाळे भागातल्या पांढऱ्या कांद्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कांद्याची रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात कुजतात आणि उरलेल्यांवर करपा येतो. मानांकनाने नाव वाचते, रोप वाचत नाही. डोंगरउतारावरच्या हापूसला मोहोर यायला पावसानंतर जमिनीचा ताण आणि रात्रीची थंडी लागते. नोव्हेंबरपर्यंत पाऊस लांबला की झाड मोहोराऐवजी पालवी काढते. मग मोहोर दोन-तीन टप्प्यांत येतो, नवा मोहोर जुन्या फळांचे अन्न पळवतो आणि सुपारीएवढी झालेली कैरी गळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून, जमिनीवरून येणारा वारा जोर धरतो आणि खारा वारा दुपारपर्यंत अडून राहतो, त्या दिवशी किनाऱ्यावरही पारा 37-38 वर जातो. त्या झळीत तयार होत आलेल्या आंब्यात साका धरतो. फळ बाहेरून निर्दोष दिसते. दोष कळतो तो गिऱ्हाइकाने कापल्यावर.

आता वाडी. चौलच्या शेतीत मला सर्वांत हुशारीची वाटते ती हीच, आणि सर्वांत नाजूकही.

वाडीच्या कडेला, विशेषतः समुद्राच्या बाजूला, उंडी, सुरू आणि माड. आत पोफळी. पोफळींवर मिरीचे वेल, खाली जायफळ, केळी, अननस. वरच्या झावळ्यांतून झिरपून येणारे ऊन खालपर्यंत पोहोचता पोहोचता निम्म्याहून कमी होते. वारा कडेच्या झाडांत अडतो, जमिनीतला ओलावा टिकतो. शिफारशीप्रमाणे 2.7 मीटरवर लावली तर हेक्टरी 1,370 पोफळी बसतात, म्हणजे गुंठ्याला तेरा-चौदा. जुन्या वाड्यांत त्याहून दाटी असते. ही दाटी अडाणीपणाने झालेली नाही. पोफळीला शेजारी लागतो, आणि त्याचे कारण तिच्या खोडात आहे.

आंब्याच्या खोडाला जखम झाली तर भोवतीची साल वाढून ती बुजवते, फांदी मोडली तर बाजूने फुटवा येतो. पोफळ आणि माड यांना ही सोय नाही. त्यांच्या खोडात नवी साल आणि नवे लाकूड तयार करणारा थरच नसतो. शेंड्याला एकच कोंब, तो गेला की झाड गेले. खोडाला एकदा झालेली इजा आयुष्यभर राहते. आणि खोडाला इजा करायला वाराच लागतो असे नाही, ऊनही पुरते. ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दुपारनंतरचे ऊन नैर्ऋत्येकडून तिरपे, थेट खोडावर पडते. उघड्यावरच्या पोफळीच्या त्या बाजूला आधी सोनेरी-पिवळा चट्टा उठतो. मग तो तपकिरी होतो, पुढे तिथे उभी भेग जाते, भेगेत बुरशी शिरते आणि दोन-तीन वर्षांनी साध्या वाऱ्यात झाड नेमके तिथे मोडते. म्हणूनच नवी लागवड करताना ओळी दक्षिणोत्तर रेषेपासून सुमारे 35 अंश पश्चिमेकडे तिरक्या धरायला सांगतात, म्हणजे एका झाडाची सावली दुसऱ्याच्या खोडावर पडते. दक्षिण आणि पश्चिमेच्या कडेला उंच झाडे ठेवायची तीही यासाठीच.

आता 3 जून 2020 ची दुपार आठवावी. ‘निसर्ग’ चक्रीवादळ साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले, वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. चौल, रेवदंडा, नागाव, मुरुड, श्रीवर्धन हा सगळा वाड्यांचा पट्टा त्याच्या तडाख्यात सापडला. काही तासांत माड मुळासकट उलटले, पोफळी मधून मोडल्या. लगेच पंचनामे सुरू झाले आणि पडलेली झाडे मोजली गेली. पण वाडीचे नुकसान त्या दिवशी पुरते झालेच नव्हते. पुढचे चार महिने आभाळ भरलेले होते. ऑक्टोबरचे ऊन आले तेव्हा ते आजवर कधीच न पोहोचलेल्या खोडांवर पोहोचले. दाटीत वाढलेली, सावलीला सरावलेली झाडे अशा वेळी उभ्याउभ्या भाजतात. उरलेल्या खोडांना झावळ्या गुंडाळा किंवा चुना फासा, हा सल्ला बरोबरच आहे. पण ज्याच्या वाडीत पडलेली झाडे बाहेर काढायलाच माणूस मिळत नाही, त्याने चुना कधी फासायचा?

पडलेल्या माडांची गोष्ट तिथेच संपत नाही. कुजणारे माडाचे खोड ही गेंड्या भुंग्याची अंडी घालण्याची आवडती जागा. त्याच्या अळ्या तिथे पोसतात आणि भुंगे उभ्या माडांच्या कोवळ्या शेंड्यात शिरून पोखरतात. झावळी उलगडली की तिच्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसतात. गेंड्याने केलेल्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, तो खोडाच्या आतून पोखरतो आणि कळते तेव्हा शेंडा लवंडलेला असतो. वादळाने काही तासांत पाडलेली झाडे किड्यांना दोन वर्षे पुरतात. भारतात 2016 मध्ये तमिळनाडूत पहिल्यांदा आढळलेली चक्राकार पांढरी माशी आता कोकणातल्या माडांवरही आहे. कोरड्या, उष्ण हवेत ती वाढते आणि पाऊस तिला धुऊन काढतो, म्हणजे पावसाच्या खंडाचा तिलाही फायदा.

नारळाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणायचे धैर्य असेल तर. माडाच्या शेंड्यात एखाद्या पोयीची, म्हणजे फुलोऱ्याची, पहिली सुरुवात होते, तेव्हापासून ती उमलायला सुमारे 32 महिने लागतात आणि पुढे नारळ पिकायला आणखी 12. म्हणजे आज उतरवलेला नारळ 44 महिन्यांच्या हवामानातून गेलेला असतो. एखाद्या वर्षी विहीर मार्चमध्येच तळाला गेली, झाडांना ताण बसला, तर नारळ कमी लागतात ते त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. तेव्हा पाऊस उत्तम झालेला असतो आणि बागायतदार खताला नाहीतर रोपवाटिकेला दोष देत बसलेला असतो. ‘यंदाचे हवामान, यंदाचे पीक’ असे कोष्टक मांडणाऱ्या अहवालांत माड कधी नीट बसत नाही.

सुपारीचे दुखणे ओलाव्याचे आहे. पावसाची झड लागून ऊन दिवसेंदिवस दिसले नाही की कोळेरोग येतो. कोवळ्या फळांवर पाणी धरल्यासारखे डाग पडतात, त्यांवर पांढरी बुरशी चढते आणि घडच्या घड गळतो. उपाय जुना आणि खात्रीचा आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी असे बोर्डो मिश्रण पावसाआधी घडांवर फवारायचे, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा एकदा. त्यासाठी कोरडे खोड आणि त्यावर चढणारा माणूस, दोन्ही लागतात. पाऊस 26 मे रोजीच येऊन बसला, तर शेवाळलेल्या पोफळीवर कुणाला चढवणार? नोव्हेंबरनंतर पिकलेली सुपारी उतरवून अंगणात वाळत घालतात, ती नीट सुकायला चाळीस-पंचेचाळीस दिवसांचे ऊन लागते. डिसेंबर 2021 च्या पहिल्या दोन दिवसांत राज्यभर अवकाळी पाऊस झाला, तसा एकच पाऊस अंगणात पसरलेल्या सुपारीवर बुरशी आणायला पुरेसा असतो. झाड, घड, तोडणी सगळे सुखरूप पार पडून माल शेवटी अंगणात जातो.

आणि पाणी. वाळूच्या पट्ट्यात जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके. समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याची एक मीटर उंची असेल, तर तिच्या जोरावर खाली सुमारे चाळीस मीटर खारे पाणी दबून राहते. हे प्रमाण उलट्या बाजूनेही तितकेच खरे आहे. उपशाने विहिरीची पातळी एक मीटरने उतरली की खालून खारे पाणी चाळीस मीटर वर येऊ पाहते. रहाटाला जोडलेला बैल थकत असे आणि विहिरीला तेवढी उसंत मिळे. पंप थकत नाही. त्यात आता मे महिन्यात, वाडीला सर्वांत जास्त पाणी लागते तेव्हाच, याच पट्ट्यातली पर्यटकांची घरे भरलेली असतात आणि त्यांच्या आंघोळीचे पाणीही त्याच वाळूतून येते. उन्हाळा लांबला किंवा तापला की खारेपणाची सीमा आणखी आत सरकते. मीठ लागलेल्या माडाच्या झावळ्या टोकाकडून करपतात. पोफळ त्याआधीच हार मानते.

‘निसर्ग’नंतर राज्य सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी 50,000 रुपये केली. घाटावरच्या माणसाला हा आकडा बरा वाटेल. चौलमध्ये जमीन गुंठ्यांनी मोजतात. हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये, आणि गुंठ्यात तेरा-चौदा पोफळी. पुढे नारळ-सुपारीसाठी झाडांच्या संख्येवर मदत देण्याचा निर्णय झाला, ते शहाणपणाचे होते. तरी मोजणी पंचनाम्याच्या दिवशी पडलेल्या झाडांचीच. ऑक्टोबरात भाजलेले खोड, दुसऱ्या वर्षी सोंड्याने पाडलेला माड, तिसऱ्या वर्षी कमी लागलेले नारळ यांना कोणत्याही रकान्यात जागा नाही. आंबा-काजूसाठी असलेली हवामानावर आधारित विमा योजनाही एका हंगामातला पाऊस, तापमान आणि वारा पाहते. जे पीक चाळीस-पन्नास वर्षे एकाच जागी उभे राहणार, त्याची जोखीम वर्षावर्षाला तोडून मोजणे हेच मुळात विजोड आहे.

नव्याने लावायचे तर काय आणि कसे, यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे श्रीवर्धनचे सुपारी संशोधन केंद्र आणि रत्नागिरीजवळचे भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र यांच्याकडे पुष्कळ माहिती आहे. रोपे निवडक मातृवृक्षांची घ्यावीत, कडेचा वारारोधक पट्टा आधी उभा करावा, सगळी वाडी एकाच वयाची ठेवू नये. शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या वाड्यांत दर वर्षी दोन-चार म्हाताऱ्या पोफळींच्या जागी रोपे लावली जात, त्यामुळे वाडीत आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्या वयाची झाडे असत. एका वादळात ती सगळी एकदम जात नसत. 2020 नंतर भरलेल्या वाड्या मात्र एकाच वर्षी लावलेल्या आहेत.

त्यातही अडचण अशी की पोफळीचे रोप उघड्यावर जगत नाही. आधी वर्षभर केळी लावून सावली करायची, मग तिच्या आडोशाला रोप. वाऱ्याला सर्वांत आधी आडवी होते ती केळच. ‘निसर्ग’ला वर्षही झाले नव्हते, तेव्हा 17 मे 2021 ला ‘तौक्ते’ चक्रीवादळ याच किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेले. सावलीची तयारी नीट करून 2021 च्या पावसाळ्यात रोप लावले असेल, तर त्याला पहिला घड 2027 च्या आगेमागे यायचा. पूर्ण उत्पन्न त्यानंतर तीन-चार वर्षांनी. 2009 च्या ‘फयान’पासून 2020 च्या ‘निसर्ग’पर्यंत साडेदहा वर्षांचे अंतर होते, ‘निसर्ग’पासून ‘तौक्ते’पर्यंत पावणेबारा महिन्यांचेही नव्हते. वाडी ठेवायची की तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या, याचा विचार चौल-नागावच्या अनेक घरांत याच वर्षांच्या हिशेबावर चालू आहे. खोल्या एका मे महिन्यात पैसे देऊ लागतात. त्या खोल्यांत येणाऱ्यांना मात्र बाहेर वाडीच हवी असते.